कच्चे अक्रोड

“शिडी कुठंय?” आईने विचारले.

“ट्रकात चढवली,” दादा म्हणाला. “का गं?”

“उतरव.”

ट्रक दारात उभा होता. निम्म्याहून अधिक सामान भरून झाले होते आणि शिडी सगळ्यात तळाशी होती. तिच्यावर कपाट, कपाटावर गाद्या, गाद्यांवर वहिनीचे शिलाई मशीन. दादाने माझ्याकडे असे पाहिले, जणू आईच्या कानात हे मीच भरले. मी दवाखान्यात नर्स आहे. रजा काढून बांधाबांध करायला आले होते आणि सकाळपासून जुन्या वर्तमानपत्रांत कपबश्या गुंडाळत बसले होते.

“आई, आता शिडी काढायची म्हणजे अख्खा ट्रक रिकामा करावा लागेल.”

“मग कर.”

घरामागे अक्रोडाचे झाड होते. त्याला यंदा पहिल्यांदाच फळ धरले होते. हिरवीगार, लिंबाएवढी फळे. ती पिकायला अजून दोन महिने लागणार होते आणि आम्ही आज निघत होतो. शिडी कशाला हवी ते दादाला न विचारता कळले होते. पण त्यासाठी आई इतकी हट्टाला का पेटली, हे कळायला आमच्या घराण्याची कुळकथा ऐकावी लागेल. ती फार मोठी नाही. एकाच दिशेला चालत राहिलेल्या माणसांची गोष्ट असून असून किती मोठी असणार?

आजोबांची जमीन नदीकाठी होती, पार पूर्वेला. फार चांगली होती म्हणे. गेलेली जमीन चांगलीच असते. आजोबांना कोणीतरी सांगितले, पश्चिमेला गेलात तर इथल्या एका एकराच्या भावात दोन एकर मिळतात. ते विकून निघाले. तिथून आणखी पश्चिमेला गेले की दोनाचे चार होतात, असे बाबांना कळले. तेही विकून पुढे गेले. मग आणखी पुढे. दर वेळी जमीन वाढली आणि दर वेळी ती हलकी होत गेली. नदी सुटली तेव्हा विहीर आली, विहीर आटली तेव्हा टँकर आला. कागदावर बाबा प्रत्येक मुक्कामाला आधीपेक्षा मोठे शेतकरी होते. ताटात काय पडत होते, ते आईला विचारावे.

लोक आम्हाला ‘फिरते शेतकरी’ म्हणायचे. बाबांना त्याचे काहीच वाटत नसे.

“सूर्यसुद्धा तिकडंच जातो,” ते म्हणायचे. “तो काय खुळा आहे?”

“जातो आणि बुडतो,” आई चुलीपुढून म्हणायची.

जमीन पारखायची बाबांची एक रीत होती. चिमूटभर माती उचलायची, जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटून उभे राहायचे. मातीची चव सांगते तिच्यात काय येईल ते, असे आजोबांनी त्यांना शिकवले होते. ही शेवटची जमीन त्यांनी अशीच घेतली. पाऊस नुकताच उघडला होता. बाबांनी माती चाखली, “गोड आहे” म्हणाले आणि तिथेच सौदा केला. उन्हाळा लागल्यावर पावसाने खाली गेलेले मीठ वर आले आणि सगळे रान चुना फासल्यासारखे पांढरे पडले. विद्या पिढीजात होती; फक्त माती कोणत्या महिन्यात चाखावी, एवढे सांगायचे आजोबांकडून राहून गेले. त्या पांढऱ्या रानात बाबांनी पुढची सगळी वर्षे राबून घालवली आणि आपले चुकले असे एकदाही म्हटले नाही. मला त्यांचा अजूनही राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. धरणाऱ्याला कोण अडवतो?

आता झाडाचे. आईच्या माहेरी अंगणात एक अक्रोड होता. मामा दर वर्षी हंगामात एक पिशवी धाडायचा आणि आई त्यातला एक अक्रोड प्रत्येक नव्या घरामागे पुरायची. अक्रोडाला फळ धरायला आठ-दहा वर्षे जातात. बाबांचा पाय एका जागी तेवढा कधी ठरला नाही. झाड खांद्याएवढे, डोक्याएवढे व्हायचे आणि आमची गाडी जुंपली जायची.

“झाड लावणारा माणूस तिथंच मरतो,” बाबा म्हणायचे.

“मग मी मरते इथंच. तुम्ही व्हा पुढं.”

असे म्हणून आई गाडीत चढायची, कारण आम्ही पोरे आधीच गाडीत बसलेलो असायचो.

मागे एकदा लसीकरणाच्या कामावर मी आमच्या एका जुन्या गावी गेले होते. मी जन्मले ते घर पडले होते. एक भिंत आणि तिच्यामागे झाड. झाड केवढे! त्याच्या सावलीत एक बाई टोपली घेऊन अक्रोड विकत होती. मी म्हटले, हे झाड माझ्या आईने लावलंय. बाई म्हणाली, “असेल. किती देऊ?” मी विकत घेतले आणि आईला आणून दिले. आईने एक अक्रोड तळहातावर घेतला, वजन पाहिले, परत पिशवीत टाकला.

“खा की. तुझ्याच झाडाचे आहेत.”

“पैसे देऊन आणलेस ना? मग विकतचे झाले,” ती म्हणाली. “पोरांना दे.”

“निदान एक पूर तरी.”

“एक आहे की उभं मागं. त्याला येतील आता.”

ते मागचे झाड हेच. ह्या खारट रानात अक्रोड जगणे शक्य नव्हते. आईने घरामागे माणूस उभा राहील एवढा खड्डा खणला आणि टेकाडावरची गोडी माती डोक्यावर टोपल्यांनी आणून तो भरला. भांडी धुतलेले पाणी, तांदूळ धुतलेले पाणी, माणसाने नाकारलेले सगळे पाणी तिने त्या झाडाला घातले. बाबा हसायचे. मग मामा गेला, मामाच्या मुलांनी अंगणात दुकान काढले आणि पिशवी यायची बंद झाली. त्यानंतर त्या झाडाबद्दल आईची कोणी चेष्टा केली नाही. माहेरचे म्हणून जगात आता तेवढेच उरले होते.

बाबा गेले तेही जमीन बघायला गेल्याचे निमित्त होऊन. आणखी पश्चिमेला कुठे तरी स्वस्त रान निघाल्याचे ऐकून, त्या वयात, एसटीने गेले. ताप घेऊन परत आले. शेवटच्या दिवशी मी उशाशी होते. “पलीकडं काळी माती आहे,” एवढे त्यांनी नीट म्हटले. संसार नीट कर, आईला सांभाळ, त्यातले काही नाही.

दादा तसा नव्हता. त्याला मातीचा तिटकारा होता आणि तो दोष त्याचा नव्हे. बंदराच्या शहरात एका गोदामावर त्याला नोकरी लागली. मग रान विकले गेले. वीटभट्टीवाल्याने घेतले, कारण खाऱ्या मातीला दुसरा कोण विचारतो? शहर कोणत्या दिशेला, हे सांगायला नको. त्याच्यापुढे मात्र समुद्रच आहे. आमच्या घराण्याला थांबवायला समुद्र आडवा यावा लागला.

त्या सकाळी वीटभट्टीवाला स्वतः किल्ली घ्यायला आला होता. माणूस बोलायला गोड. आई पदराला हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली.

“एक मागायचं होतं,” ती म्हणाली. आई कधी कोणाला काही मागत नाही. “मागं झाड आहे. फळ तयार झालं की मी येईन. दोन मुठी घेईन, जास्ती नको.”

“या की आजी! तुमचंच झाड. कधीही या.”

आईचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ती आत गेली. ती भांड्यांशी आहे असे समजून वीटभट्टीवाला दादाला म्हणाला, “झाडाचं आधी बोलायला हवं होतं राव. पुढच्या आठवड्यात मशीन लावतोय. दोन पुरुष खोल माती काढायची आहे. मुळं उपसायचा खर्च कोणाच्या डोक्यावर?”

“मग तिला हो कशाला म्हणालात?” मी विचारले.

“म्हातारं माणूस आहे, ताई. मन कशाला मोडा?”

भांडी वाजायची थांबली होती. किल्ली घेऊन तो गेला आणि आई बाहेर आली ती शिडी मागतच. रडली नाही, दादाला बोल लावला नाही.

“आई, ते कच्चे आहेत गं,” दादा आता हळू आवाजात म्हणाला. “आत नुसतं पाणी असतं. रुजणारही नाहीत.”

“अक्रोडाचं तू मला सांगू नकोस. अक्रोडाखाली वाढले मी.”

“मग काय करणार आहेस त्यांचं?”

“काढणार आहे. चार झाडं लोकांना दिली. हे मी देत नाही.”

ट्रकवाला इतका वेळ पुढच्या चाकाला टेकून चहा पीत होता. त्याने कप खिडकीवर ठेवला. “आजी, शिडी कशाला? ट्रकच मागं घेतो की.” आणि कोणाचा होकार न घेता त्याने ट्रक वळवून झाडाखाली लावला. मग स्वतः वर चढला, हात देऊन आईला ओढून घेतले, गाद्यांवर नीट उभे केले.

माझी आई आपल्या सगळ्या संसारावर उभी होती. खाली कपाट, गाद्या, पातेल्यांची पोती, आणि वर ती, चप्पल काढून, ओचा खोचून, एकेक हिरवे फळ पिरगळून तोडत. मी खालून पोते धरले. दादा तोंड फिरवून टायर बघत उभा राहिला. तिने एकही फळ सोडले नाही. शेंड्याचे हाताला येईनात तेव्हा ट्रकवाल्याने फांदी वाकवून धरली. तो बिचारा पुढे सगळ्या वाटेने तळहात चोळत गाडी हाकत होता, कारण हिरव्या अक्रोडाचा रस आधी पिवळा दिसतो आणि मग काळा होतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

शहरात पोचेपर्यंत आईचे हात मनगटांपर्यंत काळे झाले. मी साबण लावला, लिंबू चोळले, शेवटी माझ्या बॅगेतले स्पिरिट काढून कापसाने घासू लागले. कातडी लाल झाली, डाग हलला नाही. आईने हात काढून घेतला.

“राहू दे गं. मळ नाहीये तो.”

दादाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेला. आईने गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून अक्रोड पसरले. ते काही दिवसांत सुरकुतले, काळे पडले, त्यांना पाणी सुटले आणि माश्या आल्या. वहिनीने बरेच दिवस कळ काढली. तिलाही माझ्या आईसारखेच कोणी न विचारता उचलून आणले होते. रविवारी मी गेले तेव्हा ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, “ताई, तुम्हीच सांगा त्यांना. माझ्याच्यानं होत नाही.”

सांगावे लागले नाही. आई गॅलरीत बसली होती. तिने एक अक्रोड उचलून उंबऱ्यावर ठेवला आणि खलबत्त्याच्या दांड्याने फोडला. कवच बनलेच नव्हते, तो चिरडला. आत गर नव्हता, पाणचट लगदा होता. तिने तो लगदा बोटावर घेतला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून राहिली. बाबा माती चाखायचे, तसेच.

“कसा आहे?” मी विचारले.

“कडू,” ती म्हणाली. मग वर्तमानपत्राची चारी टोके तिने स्वतः गोळा केली आणि पुरचुंडी कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

त्याच दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या बाई विरजण मागायला आल्या. आईचे हात बघून त्या दचकल्या.

“अगं बाई, हाताला काय झालं हो?”

मला वाटले आई हात पदराखाली घेईल. तिने ते मांडीवर आणखी उघडे केले.

“अक्रोड उतरवले यंदा. घरच्या झाडाचे.”

“हो का? चांगले निघाले का?”

“चांगले निघाले,” आई म्हणाली. “पहिल्या बहराच्या मानानं चांगलेच.”

आत वहिनीने नळ बंद केला. बाई विरजण घेऊन गेल्या आणि पुढच्या वर्षी आम्हालाही चाखवा म्हणाल्या.

डाग कातडीवर टिकत नाही. कातडी बदलते तसा तो जातो, हे मला माहीत होते, आईलाही असणार. दर रविवारी मी गेले की हात आधीपेक्षा उजळ दिसायचे आणि ती ते बघत बसलेली असायची. हात स्वच्छ झाले, मग फक्त नखे राहिली. तीही वाढत चालली आणि काळे शेंड्याकडे सरकत गेले. आईला आता नीट दिसत नाही, तिची नखे मीच कापते. गेल्या रविवारी एकेक बोट धरून कापत आले. करंगळीला एक बारीक काळी कोर राहिली होती. मी नेलकटर लावला तसे आईने बोट मिटून घेतले.

“एवढं राहू दे,” ती म्हणाली.

मी नेलकटर पर्समध्ये टाकला. तिन्हीसांजेचे ऊन थेट तिच्या डोळ्यांवर येत होते, म्हणून उठून गॅलरीचा पडदा ओढला.