रघुजीची राहिलेली गोष्ट

जुना म्हणवून घ्यायला माझं वय तसं कमी आहे, मित्रांनो. पण आमच्यात तीन-चार वर्षं म्हणजे उतारवयच. मी रिंग लाइट आहे. बांगडीसारखा गोल, तीन पायांवर उभा, मधोमध मोबाइल अडकवायला एक चिमटा. माझ्यासमोर माणूस बसला की त्याच्या सुरकुत्या पुसट होतात आणि त्याच्या डोळ्यांत माझी एकेक पांढरी कडी उमटते. मागचं मात्र मी काही उजळत नाही. मागे पसारा असो, न आवरलेला पलंग असो, नाहीतर कुणी ताटकळत उभं असो, ते अंधारातच राहतं. हा माझा गुण आहे असं माझ्या खोक्यावर छापलेलं होतं.

कुठल्याशा लांबच्या कारखान्यात शेकडो भावंडांबरोबर माझा जन्म झाला. थर्माकोलच्या कुशीत झोपून मी बेंगळुरूला आलो, एचएसआर लेआउटमधल्या एका चौथ्या मजल्यावर. खोकं उघडलं ते अभिराजने.

अभिराज बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत होता. एका सकाळी कंपनीने बऱ्याच लोकांना घरी बसवलं, त्यात तोही होता. नवी नोकरी काही मिळेना. तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, की नुसते अर्ज करून भागत नाही, आधी स्वतःचा ब्रँड बनव. तुम्हाला साबणाचा ब्रँड माहीत असेल, बिस्किटाचा माहीत असेल. माणसाचाही असतो म्हणे. त्यासाठी नोकरदार मंडळींची एक साइट असते. तिथे सगळे सगळ्यांचं अभिनंदन करत असतात आणि प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकायला मिळालेलं असतं. बस चुकली तरी शिकायला मिळतं.

मग अभिराज रोज ब्लेझर चढवून माझ्यासमोर बसू लागला. अनुभव, चिकाटी, टीमवर्क, सगळ्यावर बोलून झालं. त्याची बायको वल्लरी दारातून बघायची.

"अरे, बातम्या दिल्यासारखा काय बोलतोस? माणसासारखा बोल ना. आणि तो ब्लेझर काढ, घाम बघ किती आलाय."

व्हिडिओ आवडल्याचा अंगठा दोघंच दाखवायचे, एक वल्लरी आणि दुसरा तिचा भाऊ. भावालाही तीच आठवण करून द्यायची. अभिराज खिडकीशी जाऊन उभा राहायचा. त्याच्या डोळ्यांत माझी कडी नसली की ते फार दमलेले दिसायचे.

एका रविवारी वल्लरीकडचे पाहुणे घरी होते म्हणून तो मला घेऊन जयनगरला आला, वडिलांच्या घरी. शरच्चंद्र त्यांचं नाव. सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. पत्नी गेल्यापासून एकटेच राहायचे. कानडी बोलणारी चंदना अक्का सकाळी येऊन स्वयंपाक करून जायची. अभिराज दोन-दोन महिने फिरकायचा नाही. कारण ट्रॅफिकचं, आणि बेंगळुरूत हे कारण कुणालाही खोटं म्हणता येत नाही.

"बाबा, तुम्ही बसा जरा इथे. उजेड कसा पडतो ते बघायचंय मला."

शरच्चंद्र वेताच्या खुर्चीत माझ्यासमोर बसले. मुलगा समोर आहे, ऐकतोय, एवढंच त्यांना दिसलं. मोबाइल चालू आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"आमच्याकडे एक रघुजी होता. फिटर. जेवणाची सुट्टी संपली तरी पठ्ठ्या विमानाच्या पंखाखाली सतरंजी टाकून घोरत पडायचा. एकदा मोठे साहेब समोर उभे! तर हा पडल्यापडल्या म्हणतो, 'साहेब, खालून रिव्हेट तपासतोय.' आणि साहेबही वाकून बघायला लागले रे!"

बापलेक पोट धरून हसले. स्वयंपाकघरातून अक्काही डोकावली.

"आणि पुढं गंमत अशी की हा रघुजी…"

"बास बाबा, इथेच कट! मस्त आलंय."

आठवडाभरात तो व्हिडिओ हजारो लोकांनी बघितला. अभिराजने त्याखाली लिहिलं होतं, की जो खाली वाकून बघतो तोच खरा लीडर. पुढच्या रविवारी त्याने ते वडिलांना वाचून दाखवलं.

"अरे, पण तो झोपला होता!"

"असू दे हो बाबा. लोकांना आवडलंय."

"बरं. त्या रघुजीचं पुढचं राहिलं बघ. तो काय करायचा…"

"ते पुढच्या वेळी नक्की. आज नवीन काहीतरी द्या."

द्या, असं तो म्हणाला. वाण्याकडे म्हणतात तसं. पण शरच्चंद्रांना ते लागलं नाही. मुलाला आपल्याकडचं काहीतरी हवंय, एवढ्यानेच ते हरखले होते.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. दर रविवारी अभिराज यायचा. शरच्चंद्र आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. अक्का अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, घालून उप्पीट करायची. गोष्टी लांबायच्या, जेवणं व्हायची. साइटवर लोक विचारायचे, "आजोबा आज काय म्हणाले?" आणि माझ्या कड्या दोघांच्याही डोळ्यांत असायच्या.

मग एकदा अभिराज म्हणाला, "बाबा, थोडं शॉर्टमध्ये सांगत जा ना. तीस सेकंदांच्या पुढं कुणी थांबत नाही."

शरच्चंद्र इंजिनियर माणूस. त्यांनी ते मोजमापच मानलं. अभिराज मला तिथेच ठेवून जायचा, त्यामुळे आठवडाभर ते माझ्यासमोर बसून सराव करू लागले. गोष्टीतली माणसं कमी केली, हवा-पाणी काढलं, हसू काढलं. एकेका गोष्टीचं एकेक वाक्य उरलं.

"अण्णा, या दिव्याशी काय बोलता?" अक्का विचारायची.

"प्रॅक्टिस गं. रविवारी माझी परीक्षा असते."

"सरी, सरी, बरं. पण स्वल्प कॉफी तरी घ्या. थंड झाली."

वाक्यं इतकी तयार व्हायला लागली, की पहिल्याच फटक्यात काम होऊ लागलं. काम झालं की अभिराज उठायचा. आधी जेवण सुटलं, मग कॉफी सुटली. गाडी बाहेर चालूच ठेवून तो आत यायला लागला. शरच्चंद्र वाक्यं आणखी छोटी करत गेले, त्याला त्रास नको म्हणून. म्हातारा स्वतःच्या हाताने आपले रविवार कापत होता, आणि ते कळत होतं फक्त मला.

आणि अभिराजला नोकरी लागली. पुन्हा बेळ्ळंदूरलाच, पहिल्यापेक्षा मोठी. मुलाखतीत त्या लोकांनी म्हणे सांगितलं, की तुमच्या वडिलांचे व्हिडिओ आम्ही सगळे बघतो. तो पेढे घेऊन आला, वाकून पाया पडला.

"बाबा, तुमच्यामुळे मिळाली हो!"

शरच्चंद्रांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर रविवार आले, अभिराज आला नाही. तो वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. फोन करायचा, औषधं पाठवायचा. पण नव्या नोकरीला रविवारही हवे होते, आणि व्हिडिओंची गरज आता उरली नव्हती.

"अभी, एक छान वाक्य काढून ठेवलंय बघ. अगदी छोटं आहे."

"ग्रेट, बाबा! ठेवा तयार. या रविवारी जरा ऑफिसचं आहे."

फोन ठेवून शरच्चंद्रांनी माझ्याकडे बघितलं. मग अक्काला म्हणाले, "मागचं माझं चाललं नाही बहुतेक. फार लांबलं असेल."

मी ओरडून सांगायला हवं होतं, की अहो, तुमचं काही चुकलं नाही. पण मला फक्त लागता येतं आणि विझता येतं.

तरी दर रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे, मला लावायचे आणि समोर बसायचे. माझे काही दिवे गेले, कडी अर्धी झाली. "अण्णा, आज ते येत नाहीत," अक्का हळूच म्हणायची. "ट्रॅफिक असेल," ते म्हणायचे.

अशाच एका रविवारी त्यांनी रघुजी पुन्हा काढला. त्याला छोटं करायचा खूप प्रयत्न केला. मग हात झटकून म्हणाले, "ही काही शॉर्टमध्ये होत नाही बुवा." आणि समोर कुणी नसताना त्यांनी ती अख्खी सांगितली.

रघुजीचे वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांची वाचा गेली होती. रघुजी रात्र-रात्र त्यांच्या उशाशी बसायचा, म्हणून दुपारी झोपायचा. "मी त्याला विचारलं," शरच्चंद्र मला सांगत होते, "की अरे, त्यांना बोलता येत नाही, मग तू बसून करतोस काय? तर म्हणाला, 'करायचं काही नसतं. मी आहे, एवढं त्यांना दिसत राहिलं पाहिजे.' आणि गंमत अशी की मोठ्या साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. निवृत्त होताना त्यांनीच मला सांगितलं. ते रिव्हेट बघतच नव्हते रे. त्याला झोपू देत होते."

'रे' ते मला म्हणाले नव्हते. पण ऐकलं मी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना ताप भरला. अभिराज धावत आला, हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. शरच्चंद्र घरी परतले नाहीत.

दिवस झाल्यावर अभिराज एकटा जयनगरला आला. ऑफिसमधले, साइटवरचे, सगळे विचारत होते, आजोबांवर काहीतरी बोलणार ना? त्याने मला लावलं, मोबाइल अडकवला आणि वडिलांच्या खुर्चीत बसला.

"माझे बाबा एक गोष्ट सांगायचे. त्यांच्या कारखान्यात एक रघुजी होता…"

साहेब वाकले तिथपर्यंत तो आला. "पुढं गंमत अशी की…" म्हणाला, आणि थांबला. पुढचं त्याला येत नव्हतं. त्याने मोबाइलमधले जुने, न कापलेले व्हिडिओ काढून बघितले. प्रत्येकात त्याचाच आवाज होता, "बास बाबा, इथेच कट!"

त्याने हाक मारली. "अक्का, बाबा तुला कधी रघुजीबद्दल बोलले होते?"

"रघुजी, रघुजी म्हणायचे खरं. या दिव्यासमोर. पण मराठी किती भराभर बोलायचे अण्णा, मला नाही कळायचं." ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही नाही विचारलं कधी?"

त्याने मोबाइल काढून उलटा ठेवला. मला विझवलं नाही. त्याच्या डोळ्यांतली माझी अर्धी कडी थरथरली आणि फुटली. अक्का कॉफी ठेवून गेली, ती तशीच थंड झाली.

त्या साइटवर शरच्चंद्रांबद्दल पुढे काही आलं नाही.

आता मी कपाटावर, कुकरच्या रिकाम्या खोक्याशेजारी आहे. घर भाड्याने द्यायचं चाललंय. मला पुसून ठेवा, जपा, असं मी म्हणणार नाही. मी जाईन भंगारात, त्याचं काही नाही. फक्त रघुजीची गोष्ट माझ्यापाशी राहिली होती, आणि ज्याला सांगायची त्याला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगितली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कधी "पुढं गंमत अशी की" म्हणालं, तर तेवढं उठू नका. गोष्ट लांबली तर लांबू द्या. बसून राहा, समोर, त्यांना दिसाल असे.