खांबाच्या माथ्यावरचं पान

बँकेच्या जुन्या इमारतीला दर्शनी आठ खांब आहेत, मधोमध किंचित फुगीर. "अगदी सरळ ठेवले असते तर कमरेत खंगलेले दिसले असते," बाबा सांगत होते. "बांधणाऱ्याला माणसाच्या डोळ्याची खोड ठाऊक होती." खांबांच्या माथ्यावर प्लास्टरची पानं, टोकं पुढे वळलेली. निम्मी झडून गेलीत. ती नव्याने करायला कारागीर हवा होता. बाबांनी जन्मभर फ्लॅटांची छतं सपाट केली. लोकांनी मान वर करून बघावं असं एक तरी काम हातून व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आज पायऱ्यांवरच परीक्षा होती. उभ्या फळीवर हाताने एक पान घडवायचं. जमलं तर काम त्यांचं.

बाबांच्या उजव्या हाताला कंप आहे आणि ते तो कबूल करत नाहीत, म्हणून मी लेकीला कडेवर घेऊन सोबत गेले. प्लास्टर दहा मिनिटांत घट्ट होतं. पाण्यात थोडा सुतारकामाचा सरस घातला की जरा सवड मिळते. पण "सरस नवशिक्यांना लागतो" हे बाबांचं ब्रीद. ते बँकेच्या इंजिनीअरशी बोलत असताना, लेकीच्या औषधाच्या बाटलीतून आणलेला पातळ सरस मी त्यांच्या पाण्याच्या डब्यात ओतला. मला राहवेना.

"मिस्त्री, घाई नाही हं," इंजिनीअर म्हणाला.

"मला नाही हो, प्लास्टरला असते."

पान देखणं उतरलं. हात एकदाच हलला, तेही त्यांनी पानाची शीर म्हणून खपवलं.

मग आम्ही थांबलो. अर्धा तास झाला तरी पान घट्ट होईना. आधी टोक झुकलं, मग अख्खं पान फळीवरून घसरून पायरीवर पडलं. लेक खिदळली. मी तिचं तोंड खांद्यात दाबलं.

इंजिनीअर फार अदबीने बोलला. साच्यातली फायबरची पानं बसवू म्हणाला.

बसथांब्यावर बाबा म्हणाले, "माझंच चुकलं. चोरून सरस घातला होता मी. जन्मात पहिल्यांदा. तोही चमचाभरच. हात तर गेलाच, आता अंदाजही गेला म्हणायचा."

ते मला ऐकवेना. मी सांगून टाकलं.



"म्हणजे तुलाही वाटलंच होतं," ते म्हणाले, "जमणार नाही म्हणून."

बस आली. चढताना मी त्यांचा दंड धरला. एरवी झटकतात. आज झटकला नाही.