जहाजाला एकच माणूस

माझी धाकटी जाऊ आणि मी घरात एकमेकींशी बोलत नव्हतो, पण कामावर आमचं नुसत्या हाताच्या खुणेवर झकास चालायचं. अबोल्याचं कारण कुकरच्या शिट्ट्या. ती मोजायला विसरली, की ती मोजत असताना मी मध्येच बोलले, हे आता दोघींनाही धड आठवत नव्हतं, आणि आठवलं असतं तरी माघार कुणी घेतली नसती. सासूबाई निरोप पोचवून पोचवून टेकीला आल्या होत्या. धाकटी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी असायची आणि मी सासूबाईंना म्हणायची, "तिला सांगा, टाकी भरत आलीय."

आम्ही कामाला होतो त्या करमणुकीच्या पार्कात मात्र बोलायची गरजच पडत नसे. आमच्या दोघींकडे जहाज होतं. म्हणजे मोठ्ठा झोकाच तो, जहाजाच्या आकाराचा. पुढे-मागे हेलकावे घेत पार आभाळात जायचा. मी वर काचेच्या केबिनमध्ये बटणापाशी आणि धाकटी खाली फाटकापाशी. माणसं बसली की ती रांगेरांगेतून जायची, माणसं पडू नयेत म्हणून मांडीवर अडकवलेली प्रत्येक दांडी हाताने ओढून बघायची, परत फाटकाशी यायची आणि हात वर करायची. तिचा हात दिसला की मी हिरवं बटण दाबायचं. आमचं यंत्र जुनं होतं. दांडी लागली की नाही हे त्याला कळत नसे, ते माणसानेच बघायचं. फाटकाच्या खांबावर जहाज एकदम थांबवायचं एक लाल बटणही होतं, पण ते फक्त धूळ पुसण्यापुरतं लक्षात राहायचं.

मग मंदी आली. लोकांच्या नोकऱ्या डळमळल्या की पहिली कुऱ्हाड सहलीवर पडते, हे आम्हाला कुणी येऊन सांगायला नको होतं. शाळांच्या बस बंद झाल्या. घसरगुंड्यांचं पाणी बंद केलं, भुताच्या बंगल्याला कुलूप लागलं आणि आतली भुतं घरी बसली. पूर्वी पोरांना रमवायला मुखवटा घालून एक जण अस्वल व्हायचा आणि दुसरा ससा. आता एकच माणूस सकाळी अस्वल आणि दुपारी ससा झाला. हे सगळं करणारे मॅनेजर तरुण होते, वागायलाही वाईट नव्हते, पण दिवे निम्मे, सफाईवाले निम्मे, जेवणाची सुट्टी निम्मी असं करत सुटल्यामुळे त्यांचं नाव निम्मेसाहेब पडलं ते पडलंच.

एका सकाळी त्यांनी आम्हाला सगळ्यांना जमवून सांगितलं, की यापुढे प्रत्येक खेळण्यावर एकच माणूस. सुरुवात जहाजापासून.

"आधी एक दिवस करून बघू," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "बाई, तुम्ही सगळ्यात जुन्या. जहाज एकट्याने चाललं, तर मग बाकीची खेळणीही तशीच चालवू."

"आणि नाही चाललं तर?"

"तर जहाज बंद ठेवावं लागेल. दुसरा इलाज नाही."

म्हणजे जमलं नाही तर आम्ही दोघीही घरी, आणि जमलं तर धाकटी घरी. भाऊजींचं, म्हणजे माझ्या दिराचं, फर्निचरचं दुकान बंद पडल्यापासून ते घरात बसून होते. आमच्या ह्यांची भाड्याची गाडी महिन्यातले निम्मे दिवस दारात उभी असायची. एका चुलीवरची सगळी माणसं आमच्या दोघींच्या पगाराकडे डोळे लावून होती.

शेजारच्या आकाशपाळण्याच्या फाटकावर घंटाताई असायची. पाळणा सुटण्याआधी ती घंटा वाजवायची, म्हणून घंटाताई. रोज दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच, वर आजारी आई. तिने मला कोपऱ्यात ओढलं.

"अगं, जमत नाही म्हणून सांग. सरळ हात वर कर. तू हो म्हणालीस की उद्या ते माझ्याकडे येतील."

"आणि जहाज बंद झालं तर मी काय खाऊ?"

"सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं तर किती खेळणी बंद करतील?"

मला तिचा राग आला. दुसऱ्याच्या पोटावर शहाणपण सांगणं सोपं असतं, असं तिच्या तोंडावर म्हणाले. खरं तर मला ते जमवून दाखवायचं होतं. घरात मी मोठी, कामावर मी जुनी, धाकटीला इथे चिकटवली ती मीच. मग राहायचं कुणी, हा प्रश्नच कुठे होता? असं मी मनाशी घोकत होते.

प्रयोगाच्या दिवशी धाकटीला फाटकाजवळ हाताची घडी घालून उभं राहायला सांगितलं होतं. काही करायचं नाही, नुसतं बघायचं. निम्मेसाहेब बाकावर बसले. मी खाली उतरले, दांड्या ओढल्या, जिना चढून वर गेले, बटण दाबलं. पुन्हा उतरले. दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागले, पण एकही चूक झाली नाही. साहेबांनी लांबूनच अंगठा दाखवला. मी धाकटीकडे बघायचं टाळत होते. ती मात्र एकटक माझ्या हातांकडे बघत होती.

पुढच्या फेरीला शेवटच्या रांगेत एक माणूस आपल्या मुलीला घेऊन बसला होता. त्यांची दांडी मी स्वतः ओढून बघितली, घट्ट होती. मी जिना चढत असताना त्याची पिशवी घसरली आणि दांडी सोडायचा जो पायाशी खटका असतो, नेमकी त्यावर पडली. दांडी सैल झाली. ते सांगायला त्याने हात वर केला.

मी केबिनमध्ये शिरले, काचेतून खाली बघितलं, हात वर झालेला दिसला आणि बटण दाबलं.

मी विचार केलाच नाही. इतकी वर्षं त्या बाजूला हात वर झाला, की माझा अंगठा आपोआप खाली जायचा. तो कुणाचा हात आहे, हे बघायची वेळ कधी आलीच नव्हती. जहाज हललं. माणूस ओरडला, मुलगी पुढे घसरली, आणि मला काय झालं ते कळायच्या आत धाकटीने खांबावरचं लाल बटण दणकन दाबलं. ब्रेक किंचाळले. पहिला झोका पुरता व्हायच्या आधीच जहाज थांबलं. त्या माणसाने लेकीला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

साहेबांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं.

"तुमचं लक्ष नव्हतं, बाई."

"लक्ष होतं. मला हात दिसला."

"पॅसेंजरचा हात आणि आपल्या माणसाचा हात यातला फरक कळत नाही?"

"साहेब, ती खाली असताना तिकडे दुसरा कुठला हात मी कधी बघितलाच नाही."

हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. ते धाकटीकडे वळले.

"तुमची नजर तयार आहे. उद्यापासून जहाज तुम्ही सांभाळाल? एकट्या?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने नाही म्हणावं असं मला वाटत होतं, आणि नाही म्हटलं तर घरात पैसा कुठून येणार, हेही दिसत होतं. मी मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली.

घरी कुणी मला बोललं नाही. उलट सासूबाईंनी देवाचे आभार मानले, की एक तरी पगार राहिला. भाऊजींनी सकाळी उठून बायकोचा डबा भरून दिला, आणि जन्मात कधी नव्हे ते ह्यांनी माझ्यासाठी चहा केला. मला तो गिळवेना. दिवसभर मी घरातलं एकेक कपाट उपसत बसले. रस्त्यावर कुठे जोरात ब्रेक लागला, की उठून खिडकीशी जायची. धाकटी संध्याकाळी चपला काढताना दिसली, की मगच बूड टेकायची.

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी कणीक मळत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सासूबाई देवळात गेल्या होत्या, निरोप्या कुणी नव्हता.

"ताई," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

मी मळायची थांबले.

"मी खाली बघून वर जाते, तोवर खाली काय होतं ते मला दिसत नाही. आज दोनदा परत खाली उतरले. साहेब म्हणाले, फेऱ्या कमी होतात. तुम्ही त्या दिवशी... तसं माझ्या हातून झालं तर खाली कोण आहे?"

"मग सोडून दे."

"आणि खायचं काय?"

तिला रडू फुटलं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात पिठाचे. मी तशीच उभी राहून म्हणाले, "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी मी घरच्याच कपड्यांत पार्कात गेले. बाजूच्या दारावरचा रखवालदार ओळखीचा, त्याने आत सोडलं. मी जहाजाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. माणसं बसली, मी दांड्या ओढल्या, फाटकाशी आले, हात वर केला. केबिनमध्ये धाकटीचे खांदे सैल झालेले मला खालून दिसले. इतक्या दिवसांनी मला पहिल्यांदा भूक लागली.

दुपारी निम्मेसाहेब फिरत फिरत आले. माझ्याकडे बघितलं, केबिनकडे बघितलं.

"घरी करमत नाही वाटतं?" ते हसून म्हणाले आणि पुढे गेले.

मला हाकललं नाही, याचाच मला आनंद झाला. मी रोज जायला लागले. घरातलं उरकून, डबा घेऊन, अगदी वेळेवर. फेऱ्या पहिल्यासारख्या होऊ लागल्या. घरी धाकटी आणि मी बोलू लागलो. सासूबाई म्हणाल्या, सुटले बाई एकदाची.

मग एक दिवस साहेब आकाशपाळण्याच्या दोघांना घेऊन आमच्या फाटकासमोर आले. पाळणा चालवणारे काका आणि घंटाताई. घंटाताई त्या भांडणानंतर माझ्याशी बोलली नव्हती.

"बघा," साहेब केबिनकडे बोट दाखवत म्हणाले. "माणूस एक. फेऱ्या तेवढ्याच, तक्रार एक नाही. आता पाळण्याला दोन माणसं का लागतात, ते मला सांगा."

काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला घेऊन गेले. घंटाताई माझ्यासमोर तशीच उभी राहिली.

"तू इथे काय करतेस?"

"धाकटीला सोबत."

"पगार देतात?"

"नाही."

"फुकट?"

धाकटीला भीती वाटते, एक पोरगी पडता पडता वाचली, हे सगळं ओठांवर आलं होतं. पण घंटाताईला ते ठाऊकच होतं.

"माझी जागा तू फुकटात घालवलीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "उद्या काका फाटकावर फुकट उभं राहायला कुणाला आणतील, माझ्या आजारी आईला काय?"

मागे जहाजात माणसं बसून कंटाळली होती. कुणीतरी ओरडलं, चालू करा! मग सगळेच टाळ्या वाजवत ओरडायला लागले. वर काचेमागे धाकटी माझ्याकडे बघत थांबली होती. दांड्या मी सगळ्या ओढून बघितल्या होत्या, सगळ्या लागल्या होत्या. घंटाताई माझ्याकडे बघत होती.

मी हात वर केला.