जांभळ्या भिंतीची सुनावणी

भोपळ्या निवडून आला तेव्हा कालव्याकाठच्या साऱ्या वस्तीने त्याला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. एक रंगताई सोडून. ती त्याची मावसबहीण, त्याच्याहून मोठी. लहानपणी तो गुटगुटीत होता म्हणून हे नाव तिनेच पाडलं होतं. आता तो वाळून काडी झाला होता, गळ्यात पालिकेचं ओळखपत्र आलं होतं, पण नाव काही सुटलं नव्हतं. रंगताईचा धंदा घरं रंगवण्याचा. एक शिडी, चार रोलर आणि दोन मदतनीस बायका एवढ्यावर तिने अर्धं शहर रंगवून काढलं होतं, आणि भीड नावाची वस्तू तिच्या सामानात कधीच नव्हती.

एका सकाळी कामाला निघताना तिला पुलाच्या कठड्यावर लाल फुल्या दिसल्या. कालव्यावरचा हा पूल लहानसा, फक्त पायी चालणाऱ्यांचा. फुल्या मारणारा माणूस डबा बंद करत होता. रंगही हलका वापरला होता मेल्याने, ओघळत होता.

"कशासाठी ह्या?" तिने विचारलं.

"पाडायचाय ना. मंजुरी आली की लगेच."

रंगताईला बाबा आठवले. तिच्या बाबांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते वेताच्या खुर्च्या विणत, आणि दुकान पुलाच्या पलीकडे होतं. कठड्यावर डावा हात ठेवून ते रोज एकटे जात, एकटे येत. कुणाची मदत नाही की कुणाचे उपकार नाहीत. ह्या जाण्यायेण्यावर म्हातारा ताठ उभा होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती तशीच भोपळ्याच्या ऑफिसात जाऊन धडकली.

"पूल पाडताय म्हणे?"

"पाडत नाही गं ताई, कालव्याच्या वरच्या अंगाला नेतोय. मोठ्या रस्त्यापाशी. रुंद होणार, दिवे लागणार."

"आणि तो मोठा रस्ता ओलांडायचा कसा? गाड्या काय थांबतात तिथे? आम्हाला विचारलं कधी?"

"रीतसर विचारलं," भोपळ्या शांतपणे म्हणाला. "नोटीस लावली, हरकती मागवल्या, सुनावणी घेतली. कुणी फिरकलंच नाही. हरकत नाही म्हणजे संमती."

"नोटीस लावली कुठे?"

"पालिकेच्या फलकावर."

तो फलक रंगताईला माहीत होता. पालिकेचा जिना तिनेच रंगवला होता. फलक होता तिसऱ्या मजल्यावर, जुनी कपाटं ठेवतात त्या बोळात, दाराच्या मागे. दार उघडं असलं की फलक झाकला जाई, आणि दार कायम उघडं असे. सुनावणी झाली होती कामाच्या दिवशी सकाळी अकराला. त्या वेळी वस्तीत फक्त मांजरं घरी असतात.

"शुक्रवारी सभेत शेवटची मंजुरी आहे," भोपळ्या म्हणाला. "आता वरातीमागून घोडं कशाला दामटतेस? बरं, माझ्या घराचं काम उद्यापासून धरतेयस ना? पुढची भिंत फिकी पिवळी हवी. रविवारी पाहुणे यायचेत."

रंगताईने त्याच्याकडे नीट बघितलं. राग तर असा आला होता की टेबलावरचं पाणी त्याच्या डोक्यावर ओतावं. पण ती हसली.

"धरते की. रीतसर धरते."

दुसऱ्या दिवशी भोपळ्या ऑफिसला गेला, आणि रंगताईने त्याच्या गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीमागे एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं की ह्या घराची पुढची भिंत जांभळी करण्याचा प्रस्ताव आहे, हरकत असल्यास आज सकाळी अकरा वाजता अंगणात येऊन सांगावी. अकरा वाजता तिने अंगणात शिडी उभी केली, दोन्ही मदतनीस बायकांना बसवलं आणि घसा खाकरला. भोपळ्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"कुणाची काही हरकत?" रंगताईने विचारलं.

"माझी नाही बाई," भोपळ्याची बायको म्हणाली. "माझं शिवणकामाचं दुकानही पुलापलीकडेच आहे. मला तरी कुठे विचारलं ह्यांनी? पेपरात वाचायची वेळ आली असती माझ्यावर."

"घरमालक हजर आहेत?"

"ऑफिसात आहेत."

"म्हणजे संमती," रंगताई म्हणाली आणि डबा उघडला.

रंग मात्र तिने मन लावून दिला. भेगांत लांबी भरून, घासून, प्रायमर मारून, वर रंगाचे दोन हात. टिंगल असली तरी काम तिच्या हातचं होतं, आणि भिंतीवर ओघळ आलेला तिला खपला नसता. रंग तिने निवडला होता पिकल्या जांभळाचा, तोही चकाकणारा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते घर कालव्याच्या पार पलीकडून दिसू लागलं. येणारे जाणारे थबकायचे, विचारायचे, आणि कारण कळलं की तिथेच रेंगाळायचे. मधली संध्याकाळ आणि रात्र भोपळ्याने बाहेरगावच्या बैठकीत काढली होती. त्यामुळे तो घरी परतला तेव्हा त्याच्या दारात त्याच्या प्रचारालाही जमली नव्हती एवढी माणसं होती.

तो गाडीतून उतरला आणि बघतच राहिला.

"ताई, हे काय आहे?"

"जांभळा."

"मी पिवळा सांगितला होता."

"सांगितला होतास खरं. पण मग सुनावणी झाली. तुझी हरकत आली नाही."

"मला माहीतच नव्हतं."

"नोटीस लावली होती की. टाकीमागे."

"टाकीमागे कोण बघतं?" भोपळ्याचा आवाज चढला. "आणि अकरा वाजता मी ऑफिसात असतो, हे तुला ठाऊक नाही? घर माझं आहे. राहायचं मला आहे इथे. मला न विचारता तुम्ही ठरवता कसं?"

एवढं बोलून त्याने पुन्हा भिंतीकडे बघितलं. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं. वस्ती नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि त्याची बायको दारात हाताची घडी घालून.

"मीही तेच विचारायला आले होते तुझ्या ऑफिसात," रंगताई म्हणाली. "अगदी ह्याच शब्दांत."

भोपळ्या मुळात वाईट माणूस नव्हता. खुर्चीत बसल्यावर माणसाला माणसं लांबून दिसायला लागतात, तेवढंच त्याचं झालं होतं. त्याने कपाळावरचा घाम पुसला. "काय करायचं म्हणतेस?"

"उद्या गुरुवार. संध्याकाळी, सगळे घरी आल्यावर, पुलावरच सुनावणी घे. घरोघर तू स्वतः जाऊन सांग. आणि लोक जे म्हणतील ते शुक्रवारी सभेत उभा राहून बोल. आम्ही येऊन बसणार आहोत ऐकायला."

"अध्यक्ष चिडतील."

"चिडू देत. निवडून त्यांनी दिलं का तुला?"

गुरुवारी पुलावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भोपळ्या स्टुलावर बसून स्वतः लिहून घेत होता. रंगताई मनातून खूश होती. वस्ती एकसुरात 'पूल पाडायचा नाही' म्हणेल आणि विषय संपेल, असा तिचा हिशोब होता. पण तसं झालं नाही. वरच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, आमची मुलं शाळेला जाताना फार लांबचा वळसा घेतात, आम्हाला वर पूल हवाच आहे. रंगताईला पहिल्यांदा त्यांचा रागच आला. मग तिने मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण मुलं वळसा घेत होती हे खरं होतं आणि तिला ते माहीत नव्हतं.

मग तिने आपलं हुकमाचं पान काढलं. बाबांना दंडाला धरून पुढे आणलं.

"ह्यांच्याकडे बघा," ती म्हणाली. "ह्यांना दिसत नाही. हा पूल गेला तर हा माणूस घरात कोपऱ्यात बसून राहील. ह्यांच्यासाठी तरी..."

"थांब," बाबा म्हणाले.

त्यांनी दंड सोडवून घेतला आणि कठडा चाचपून त्यावर हात ठेवला.

"कोपऱ्यात बसणारा मी नव्हे. वर पूल झाला तर ती वाट मी शिकेन. मोठा रस्ता ओलांडायला रोज कुणाची तरी वाट बघावी लागेल, ते मला आवडणार नाही. म्हणून माझं मत असं, की वर खुशाल बांधा, पण हा पाडू नका. लिहिलंस का रे?"

"लिहितोय, काका."

"मत म्हणून लिही. दया म्हणून लिहू नकोस." मग ते रंगताईच्या आवाजाच्या दिशेला वळले. "ह्याने मला विचारलं नाही, म्हणून तू त्याची भिंत रंगवलीस. छान केलंस. पण ह्या आठवड्यात तूही मला विचारलं नाहीस. घरात रोज समोर बसतो मी तुझ्या."

रंगताईचा चेहरा तापला. आपला बाप आपणच चारचौघांत मोर्च्यातल्या फलकासारखा धरून नाचवला, हे तिला कळलं आणि ते फार लागलं.

"चुकलं, बाबा," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले. "पुढचा कोण बोलतोय?"

शुक्रवारी काय झालं ते इथेच सांगून टाकायला हरकत नाही. भोपळ्या सभेत उभा राहिला. पहिली दोन वाक्यं अडखळला, मग वर गॅलरीत बसलेल्या वस्तीकडे बघून त्याने पुलावरचं एकेक मत वाचून दाखवलं, वरच्या आळीचंही आणि काकांचंही. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण वर बसलेल्यांतलं कुणी उठून जाईना, तेव्हा पाडण्याचं कलम त्यांनी निमूटपणे काढून टाकलं. पुढच्या सुनावण्या वस्तीत आणि संध्याकाळी घ्यायच्या हेही त्याच बैठकीत ठरलं.

पण गुरुवारी हे काहीच ठरलेलं नव्हतं. अंधार पडत आला होता, लोक अजून घोळक्याने बोलत उभे होते, आणि बाप-लेक घरी निघाले. रंगताईचा हात सवयीने बाबांच्या दंडाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"हात धरू का, बाबा?" तिने विचारलं.

बाबांनी जरा विचार केला.

"धर," ते म्हणाले. "आज गर्दी फार आहे."