कॉनीच्या हातचे टार्ट

मी उगाच कुणावर संशय घेणारी बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या हॉलोफर्ड गावात याच्या उलट सांगणारे पुष्कळ भेटतील. पण जिभेला जे कळलं ते कळलं, त्याला मी काय करू?

मे महिन्यातल्या एका रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. त्या सकाळी पाद्री पिम यांनी विल्फ ऑल्सप आणि ती बेरिल टनिक्लिफ यांची नावं पहिल्यांदा वाचून दाखवली होती. लग्नाआधी तीन रविवार नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा म्हणतात, आणि कुणाचीच नसते. चहाला बेरिलकडून बदामी कस्टर्ड टार्ट आले होते. मी एक उचलला, चावा घेतला आणि हातातला कप तसाच खाली ठेवला.

तो कॉनीचा टार्ट होता. कॉनीसारखा नव्हे, कॉनीचाच. दाताखाली भुरभुरणारी पारी, तळाला रास्पबेरी जॅमचा पातळ हात फिरवलेला, वर बदामाची भरड घातलेलं कस्टर्ड, हललं तर थरथरेल पण वाहणार नाही असं, आणि जायफळ अगदी बेताचं. कॉनी म्हणजे माझी धाकटी बहीण, विल्फची पहिली बायको. तिला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं.

हे टार्ट कसे करतात याबद्दल कॉनीनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. टार्टच्या दिवशी मागचं दार बंद, खिडकीचा पडदा ओढलेला. मी तिची सख्खी मोठी बहीण, पण मलाही ‘नंतर ये गं हेटी’ म्हणून दारातून परत पाठवायची. मी गोडीत विचारलं, रागावून विचारलं, एकदा तर वर्षभर अबोला धरून पाहिला. ती हसायची आणि कोंबड्यांचं काहीतरी सांगत बसायची. शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसले होते तेव्हाही विचारलं. तिनं डोळे मिटून घेतले. ती गेली तसे ते टार्टही गेले. मला ते फार लागलं होतं. टार्ट गेले म्हणून नव्हे, तिनं मला परकी धरली म्हणून.

आणि आता ही बेरिल. कॉनी गेल्यानंतरच्या वसंतात मॅटलॉकला पत्त्यांच्या डावात विल्फला भेटली म्हणे. त्याआधी हिनं हॉलोफर्ड पाहिलंसुद्धा नव्हतं म्हणे. मग हिला हा टार्ट येतो कसा? कॉनीनं कुणाला शिकवला नव्हता. विल्फनं सांगितला म्हणावं, तर त्याला अंडंही उकडता येत नाही हे कॉनीच सगळ्यांना सांगायची. जन्मभर दगडखाणीत ड्रिल धरलेला माणूस तो. शिवाय पारी काही सांगून येत नाही, करताना बघावी लागते. बेरिलनं बघितली असेल तर कॉनीच्याच ओट्यापाशी, कॉनी जिवंत असताना. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. बहीण वर अंथरुणात धाप लागून पडली होती, तेव्हा खाली या दोघांचं काय चाललं होतं?

मी सरळ बेरिललाच गाठलं आणि विचारलं, टार्ट कुणाकडून शिकलीस. बाई कानापर्यंत लाल झाली. जमून गेले, म्हणाली, आणि तिनं विल्फकडे पाहिलं. विल्फनं आपल्या बुटांकडे पाहिलं. याहून अधिक पुरावा तो काय असतो?

गावच्या झऱ्याचा सण जवळ आला होता, आणि त्या आठवड्यात फुलांच्या पाकळ्यांची चित्रं करून झरा सजवायचं काम चाललं होतं. ओली माती थापलेल्या फळीवर पाकळ्या दाबत आम्ही बायका तासन्‌तास बसतो आणि तोंडं काही बंद राहत नाहीत. माझ्या शेजारी विनी हीथकोट होती. मी विनीला तसं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की बेरिलचे टार्ट हुबेहूब कॉनीसारखे आहेत, आणि कॉनीनं तर कुणाला शिकवले नव्हते, नवल आहे नाही? विनीच्या बोटातली पाकळी तिथंच राहिली. बाकीचं तिचं तिनं जोडलं, आणि विनीला एकदा कळलं की गावात दवंडी पिटायची गरज उरत नाही.

दुसऱ्या रविवारी नावं वाचली गेली तेव्हा बाकांवर कुजबुज झाली. चहाच्या वेळी बेरिलच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिच्या टार्टांना कुणी हात लावला नाही. तिनं ती भरलेली ताटली फडक्याखाली झाकून तशीच परत नेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या रविवारी काय करायचं ते मी ठरवून टाकलं होतं. पाद्री ‘हरकत असेल तर’ म्हणाले की मी उभी राहणार होते. कायद्यानं लग्न मोडलं नसतं, हे मलाही कळत होतं. पण बहिणीच्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलेलं गावानं बघितलं असतं, आणि त्यानंतर त्या दोघांना इथं तोंड वर करून फिरता आलं नसतं. फक्त त्याआधी मला विल्फच्या तोंडून ते ऐकायचं होतं. म्हणून शनिवारी सकाळी मी त्याच्या मागच्या दाराशी गेले.

खिडकीचा पडदा ओढलेला होता. कॉनी ओढायची तसाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दार न वाजवता मी खांद्यानं ढकललं आणि आत गेले.

विल्फ टेबलाशी उभा होता. बाह्या कोपरापर्यंत वर, कमरेला कॉनीचा निळा एप्रन. समोर पिठाची परात. थंडगार लोणी तो बोटांच्या टोकांनी पिठात चोळत होता, उचलून वरून सोडत होता, पुन्हा चोळत होता. एवढ्या सवयीनं की मी आत आले तरी त्याची बोटं थांबली नाहीत. बेरिल कोपऱ्यात बसून बदाम सोलत होती.

मी उभीच राहिले. कुठून भांडायला सुरुवात करावी तेच सुचेना.

बेरिल उठली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाली, “बसा हेटी. बरं झालं एकदाचं. मला तर हे टार्ट माझे म्हणून मिरवायचा कंटाळा आलाय. माझ्या हातची पारी कुत्रंही खाणार नाही.”

“केव्हापासून करतोस तू हे?” मी विल्फला विचारलं.

“आधीपासून,” तो म्हणाला.

“कॉनी असतानाही?”

“कॉनीला पारी कधी जमलीच नाही गं. तिचे हात गरम. लोणी हातातच वितळायचं आणि पारी चामड्यासारखी व्हायची.” त्यानं पिठानं माखलेले हात माझ्यासमोर धरले. बोटं टोकाशी मेणासारखी पांढरी पडलेली. ड्रिलचे हादरे खाऊन खाणीतल्या सगळ्यांचीच होतात तशी, बधीर आणि बर्फगार. “हे हात शर्टाची बटणं लावायच्याही कामाचे नाहीत. पण पारीला याहून चांगले मिळायचे नाहीत.”

पारीला हात थंड लागतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. आणि कॉनीचे हात गरम होते हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? लहानपणी थंडीत मी माझे हात तिच्या मुठीत कोंबून झोपायचे. या दोन गोष्टी मी आयुष्यात कधी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याला बहीण नव्हती, म्हणून आईनं सगळ्यांत धाकट्या मुलाला, म्हणजे त्यालाच, स्वयंपाकात हाताशी घेतलं होतं. लग्नानंतर झऱ्याच्या पहिल्या सणाला कॉनीनं त्याचे टार्ट हॉलमध्ये नेले. तिथं खरं सांगायची सोय नव्हती, खाणीतल्या माणसांनी विल्फला जगू दिलं नसतं. बायकांना वाटलं कॉनीनं केले, आणि तिनं वाटू दिलं. एकदा वाटू दिलं की मागे कसं फिरणार?

“पण मला?” मी म्हणाले. “मी काय खाणीत सांगत सुटणार होते? मला का नाही सांगितलं तिनं?”

परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ विल्फनं बोटानं सोडवलं.

“त्या दिवशी तू तीन टार्ट खाल्लेस,” तो म्हणाला, “आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, कॉनी, हे मात्र तुला माझ्यापेक्षा चांगलं जमलं. ती घरी आली ती नाचतच. म्हणाली, विल्फ, कुणालाही कळलं तरी चालेल, पण हेटीला नाही.”

मला ते आठवतही नव्हतं. मी खुर्चीत बसले. माझी बहीण एवढ्याशा शब्दासाठी जन्मभर पडदा ओढून घेत होती, आणि मी त्या पडद्याबाहेर उभी राहून तिच्यावर चिडत होते. मला रडू आलं. बेरिलनं मला रुमाल दिला, आणि तो मी घेतला.

जरा सावरल्यावर मी विल्फवर उखडले. गावात तुमच्याबद्दल काय बोलतात ते माहीत आहे का तुला, म्हणाले. एका वाक्यात सगळं मिटलं असतं, मग बोलला का नाहीस?

“बोललो असतो तर कॉनी खोटी ठरली असती. ती आता उत्तर द्यायला आहे का?” तो म्हणाला. “लोक काय, माझ्याबद्दल बोलतील आणि दमतील.”

“तुझ्याबद्दल बोलतील,” बेरिल बदामांकडे बघत म्हणाली. “माझ्याशी मात्र कुणी बोलत नाही.”

पिठातली विल्फची बोटं थांबली. हे सगळं कुणी सुरू केलं ते मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना माहीत होतं.

रविवारी चर्च भरलं होतं. पाद्री पिम यांनी तिसऱ्यांदा नावं वाचली, हरकत विचारली आणि थांबले. विनी चक्क मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घातलं आणि बसून राहिले. पाद्री पुढे गेले.

पण त्यानं काय होणार होतं? हॉलमध्ये टार्टांची ताटली टेबलाच्या मधोमध होती आणि तिच्याभोवती सगळं रिकामं. बेरिल खिडकीपाशी एकटीच कप धरून उभी. विल्फ तिच्याकडे जायला निघाला होता आणि त्याचा चेहरा बघून मला कळलं की आता हा बोलणार. बेरिलसाठी कॉनीला उघडं पाडणार, आणि ते त्याला करावं लागणार माझ्यामुळे. मी विनीला टेबलाशी गाठलं आणि तिच्या ताटलीत एक टार्ट ठेवला.

“खा,” मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. “मी शिकवलेत बेरिलला.”

“तू?” विनी म्हणाली. “तुला कुठं येतात?”

“येत नाहीत, माझ्या हाताला ते वळण नाही. पण कृती माझ्याकडे होती. शेवटच्या आजारात कॉनीनं मला सांगितली. कुणाला देऊ नकोस म्हणाली होती, म्हणून बोलले नाही. पण आता त्या घरात कुणाला तरी यायला हवेत की नको?”

विल्फ जागच्या जागी थांबला. विनी माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं. म्हणजे ही बया सगळं माहीत असून झऱ्यापाशी माझ्याजवळ भलतंसलतं बोलली. यापुढे विनी माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नव्हती, आणि विनी नाही म्हणजे गाव नाही.

तिनं टार्टचा तुकडा तोडला. मग दुसरीनं ताटलीकडे हात केला, मग तिसरीनं. कुणीतरी खिडकीकडे जाऊन बेरिलला विचारलं की आणखी चहा हवा का.

विनीनं तोंडातलं संपवलं आणि बोटं पुसली. मला वाटलं आता ही मला चांगलीच फाडून खाणार.

“एक सांगू हेटी?” ती म्हणाली. “मला आपलं वाटायचं, तिचा तुझ्यावर जीव नव्हता. सख्खी बहीण असून सांगत नाही म्हणजे काय. पण शेवटी सांगितलं की गं तुला.”

“हो,” मी म्हणाले. “मलाच सांगितलं.”