होसियतचं पाणी

सावरीने ओल्या मातीचा गोळा भिंतीच्या बुडाशी दाबला, पण पाणी बाजूने वाट काढून वाफ्यात शिरलंच. वरून पाहणाऱ्याला वाफा रिकामा वाटला असता. कोल्हेशेपटीची, या डोंगरी फुलझाडाची, पानं वसंत सरला की वाळून जातात आणि मुळं मातीखाली कोरडी झोप घेतात; तेव्हा ओल लागली की ती कुजतात. डोंगरावरून आणलेल्या बियांची तिने कित्येक वर्षं निगा राखली होती. येत्या वसंतात पहिला तुरा यायचा होता.

“पाणीच सोडतेय, जाऊबाई, विष नाही,” भिंतीपलीकडून होसियत म्हणाली. “तरी तुमचं तोंड वाकडंच.”

सासऱ्यांनी खालची बाग थोरलीला, सावरीला दिली, तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता.

सावरी गल्लीच्या पंचांकडे, शोदमोनबाबांकडे गेली. बाबांना हसूच आलं. ऐन उन्हाळ्यात पाटाला करंगळीएवढी धार, आणि कुणी आपल्या पाळीचं पाणी दिलं तर त्याची तक्रार? वर्झोबच्या खोऱ्यात अशी बाई त्यांनी पाहिली नव्हती.

घरी येऊन तिने हातांनी वाफा उकरला. कोळ्याच्या पायांसारखी पसरलेली मुळं, त्यातली काही बोटांत धरताच लिबलिबीत फुटली. मधला कोंब मात्र टणक होता. कुजलेलं कापून तिने राख चोळली. तिची सगळी बाग उतारावर, होसियतच्या खाली. पाणी पोचणार नाही अशी जागा दोन्ही घरांत मिळून एकच होती.

सकाळी ओढणीत मूळ घेऊन ती होसियतच्या दारात उभी राहिली, सोबत शोदमोनबाबा. शेजारच्या घरचं ताट रिकामं परत पाठवायची रीत नव्हती.

“तुझं एवढं पाणी घेतलं,” सावरी म्हणाली, “रिकाम्या हाताने कशी राहू? तुझ्या बागेत, पाटाच्या वरच्या अंगाला लावून देते. उन्हाळ्यात पाणी घालू नकोस. मेलं तर लोक विचारतील.”

होसियतने बाबांकडे पाहिलं. त्यांनी कौतुकाने मान डोलावली. ती बाजूला सरली, पण ‘या’ म्हणाली नाही.

वसंतात तुरा उठला. गल्लीतल्या बाया बघायला आल्या आणि सावरीच्या हाताला गुण आहे म्हणत गेल्या. दुसऱ्याच दिवशी होसियतने भिंतीलगत दोरी बांधून गोधडी वाळत घातली. काही दिवसांत तुरा गोधडीच्या वर डोकावला. तिने दोरी उंच बांधली.

सावरी खाली आपल्या बागेत तुतीच्या झाडाजवळ चहाचा वाडगा घेऊन बसली. फूल बुडापासून उमलत वर चाललं होतं. शेंडा अजून मिटलेला होता, आणि दोरीचा खांब त्याच उंचीवर संपत होता.