मिठाच्या गोणींमागे

शिवाच्या पिकपचं मागचं डावं चाक वाजायचं, पण फक्त माल भरला की. पनवेलच्या वखारीतून मिठाच्या गोणी घेऊन तो नेऱ्याच्या वाटेला लागला, की टक् टक् सुरू. गाडी रिकामी झाली की चाक मुकं. कमळाकर मिस्त्रीनं जॅक लावून चाक उचललं, फिरवलं, हलवून पाहिलं. नट घट्ट, बेअरिंग ठीक. शेवटी तो म्हणाला, "भरल्या गाडीत चाकाच्या डोक्यावर बसून ऐकल्याशिवाय हे कळायचं नाही."

श्रावणातल्या सरी येत-जात होत्या. शिवानं गोणी रचल्या, मागच्या फळक्यालगत कमळाकरला आडवं होण्यापुरती जागा ठेवली आणि वरून ताडपत्री करकचून बांधली. "मिस्त्री, थांबायचं झालं की केबिनची फळी ठोका. आमी लगेच थांबू." फळी आणि मिस्त्री यांच्यामध्ये गोणींची भिंत उभी राहिली आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

गाडी सुटली. अंधारात कमळाकरनं कान तळाला लावला. गिअर बदलताना इंजिनाचा सूर पडे, पण टकटक चाकाच्याच चालीनं येई. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि टकटकीला शेपूट फुटलं, पत्रा फाटावा तशी करकर. नट घट्ट होते, म्हणजे नटांखालची चाकाची थाळीच तडकली होती. वजन आलं की तडा उघडत होता. जॅकवर उचललं, की मिटत होता.

त्यानं मूठ आपटली. ती गोणीतच जिरली. तो ओरडला, पण आवाज ताडपत्रीला धडकून अंगावर परत आला. पुढच्या खड्ड्यात वरची गोणी घसरून त्याच्या पायांवर बसली. आता उठताही येईना. पुढे नदीकडे उतरणारा रस्ता होता आणि खाली कठडे नसलेला पूल. करकर आता थांबतच नव्हती. ताडपत्रीखाली श्वास कोंडत होता, घामानं डोळे चुरचुरत होते. आपण इथे आहोत हे ज्याला ठाऊक आहे, तो गोणींपलीकडे चार हातांवर गाणं गुणगुणत असेल, या विचारानं त्याला रडू यायचंच राहिलं.

निदान पाय तरी सुटावेत म्हणून त्यानं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि गोणी फाडली. मीठ भसाभसा ओघळलं, फळक्याखालच्या फटीतून रस्त्यावर सांडू लागलं.

उताराच्या तोंडाशी जवळच्या वाडीतल्या ठमाबाईच्या म्हशी आडव्या आल्या. शिवानं गाडी उभी केली, हॉर्न वाजवला. म्हशी बाजूला झाल्या खऱ्या, पण पुढे जायचं सोडून गाडीच्या मागे जाऊन मीठ चाटू लागल्या. त्यांना हाकलायला ठमाबाई मागे आली आणि काठी उगारलेल्या हातानं तशीच थबकली. फळक्याआडून कुणी हाका मारत होतं.

शिवानं गिअर टाकला होता. ठमाबाईनं धावत जाऊन काठी दारावर हाणली. "गाडी बंद कर मेल्या. आत मानूस हाय."

दोर सुटले तेव्हा कमळाकर मिठानं पांढरा झाला होता. पाय बधिर होते. तो तसाच रांगत चाकाशी गेला, बोटानं चिखल पुसला. एका नटापासून दुसऱ्या नटापर्यंत काळी रेघ धावत गेली होती आणि तिच्यात नख शिरत होतं.

शिवा ते बघत राहिला. मग त्याची नजर उतारावरून पुलाकडे गेली. "मिस्त्री, तुमी ठोकलं होतं का?"

"ठोकलं होतं."

"मला काय आयकू आलं नाय."

कमळाकरनं गोणी उतरवायला लावल्या, तिथंच जादा चाक चढवलं. परतताना तो केबिनमध्ये बसला. सर आली. उघड्या खिडकीतून पाणी त्याच्या खांद्यावर, मांडीवर पडू लागलं.

"काच वर घ्या मिस्त्री, भिजाल."

"राहू दे," कमळाकर म्हणाला आणि त्यानं कोपर आणखी बाहेर काढलं.